मेक्सिको दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा

मे संपत आला की आमच्या मीरा रोडच्या शांती नगरातली माणसं वर बघायला लागतात. ढगांकडे नव्हे, गच्चीकडे, खिडकीच्या ग्रिलकडे, पत्र्याच्या शेडकडे. मागच्या पावसात कुठून गळलं होतं ते सगळ्यांना एकदम आठवतं. दुकानांबाहेर निळ्या ताडपत्रीच्या गुंडाळ्या उभ्या राहतात. पालिकेची माणसं गटारातला गाळ काढतात आणि गटाराच्याच काठावर ठेवून जातात, आणि तो वाळेपर्यंत आपण नाकाला पदर लावून भाजी आणायची. आमच्या घरात या दिवसांत माळ्यावरून एक गुंडाळी खाली येते. ती ताडपत्री नाही. तो फ्लेक्स आहे, चांगला दहा फूट लांब, आणि त्यावर माझा नवरा आहे.

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरचं ग्रिल आम्ही त्याने झाकतो. छापलेली बाजू आतल्या अंगाला, कारण ती बाहेर ठेवली तर सगळी बिल्डिंग वाचणार. म्हणजे चार महिने मी ओट्याशी पोळ्या लाटते आणि समोरून आमचे हे माझ्याकडे बघून हसत असतात. फ्लेक्सवर ह्यांनी कोट घातलाय. खऱ्या आयुष्यात ह्यांच्याकडे कोट नाही, लग्नातही नव्हता. छापखानावाल्याने पासपोर्टच्या फोटोतलं डोकं कापून दुसऱ्याच कुणाच्या तरी कोटावर बसवलंय, त्यामुळे मान जरा डावीकडे गेलीये. मागे समुद्र, नारळाची झाडं, वर एक विमान. खाली शुभेच्छुकांचे सतरा चेहरे, त्यातले चौदा आम्ही आजतागायत प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. आणि मधोमध पिवळ्या अक्षरांत: ‘आमच्या सोसायटीचे ज्येष्ठ सभासद मा. श्री. वसंतराव केळसकर साहेब यांच्या मेक्सिको दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!’

हा दौरा झाला नाही. आधीच सांगून टाकते, उगाच कुणाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवण्यात मला आता मजा वाटत नाही. तेव्हा वाटली होती.

आमची एकुलती एक मुलगी सायली. प्रवासी जहाजावर स्वागतकक्षात नोकरीला लागली, आणि त्याच जहाजाच्या भटारखान्यात मासे तळणारा मार्तिन तिला भेटला. मेक्सिकोतल्या वेराक्रूझ नावाच्या बंदरातला. सात वर्षं झाली. ती सुट्टीवर घरी आली, हॉलमध्ये सोफ्याच्या काठावर बसली आणि म्हणाली, "बाबा, आम्ही लग्न करतोय, आणि मी तिकडेच राहणार आहे." ह्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "आचाऱ्याशी. तेही तळणाऱ्या." मग उठले आणि म्हणाले, "मला मुलगी होती, ती आज गेली." आणि संध्याकाळी पाच वाजता बाथरूममध्ये जाऊन त्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली.

हे नुसतं बोलायची पद्धत असते हो. ‘त्याच्या नावाने आंघोळ केली’ असं आपण रागाने म्हणतो, करत कुणी नाही. माणूस मेलं की सुतकाची आंघोळ करतात, तशी जिवंत पोर हॉलमध्ये उभी असताना डोक्यावरून पाणी घेणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. ह्यांनी घेतलं. दार बंद, आत बादलीत मग बुडवल्याचा आवाज. पाणी पडतंय, थांबतंय, पुन्हा पडतंय. सायली पॅसेजमध्ये चप्पल घालत होती. पट्टा लागायला तिला फार वेळ लागला. ती गेली तेव्हा हे अजून अंग पुसत होते.

त्या दिवसापासून मी ह्यांना माफ केलं नाही, आणि हे मी माझ्या मनाशी अगदी अभिमानाने घोकत आले.

चार वर्षं मी लेकीशी चोरून बोलले. माझी संध्याकाळ म्हणजे तिची सकाळ. कपडे आणायला म्हणून गच्चीवर जायचं आणि पाण्याच्या टाकीच्या मागे उभं राहून बोलायचं. फोनमध्ये तिचं नाव मी ‘मॅचिंग सेंटर’ म्हणून ठेवलं होतं. कधी घरात असताना फोन वाजला तर हे स्वतः आणून द्यायचे. "घे, तुझं अस्तर आलं असेल." आणि मी माझ्या पोरीला, जिच्या पोटात तेव्हा पाचवा महिना होता, "हो हो, मोरपंखीच पाहिजे, उद्या येते," असं सांगून फोन ठेवायची. तिला सवय झाली होती. मला नाही झाली. प्रत्येक वेळी मी ह्यांच्या पाठमोऱ्या टकलाकडे बघायची आणि वरणाला फोडणी द्यायची.

मग नात झाली. लुसिया. तिचा फोटो ह्यांनी पाहिला तो माझ्या निष्काळजीपणामुळे, फोन ओट्यावर उघडा राहिला म्हणून. दीड वर्षाची पोर, हातात मक्याचं कणीस, आणि कान... ते ह्यांचे कान होते. केळसकरांचे, बाहेर आलेले, वरच्या टोकाला दुमडलेले. सायलीलासुद्धा ते आले नव्हते. हे फोन हातात धरून कितीतरी वेळ उभे राहिले. मला वाटलं आता आदळणार. पण ह्यांनी स्वतःचा कान चाचपला आणि विचारलं, "ही कोण?"

"तुमची कोणी नाही," मी म्हटलं. "तुम्ही आंघोळ केलीत ना?"

दोन दिवस जेवताना मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "आपण जाऊन येऊ या. एकदा समोर गेलो की झालं. फोनवर काय बोलणार?"

ही ह्यांची पद्धत. माफी मागायची नाही, जाऊन उभं राहायचं. समोरच्याने पाया पडायचं आणि विषय संपवायचा.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मी गच्चीवरून सायलीला सांगितलं, "बाबा तिकडे यायचं म्हणतायत." मागे कुठेतरी भांडी वाजत होती. ती दोघं बंदराजवळ मासे तळायची टपरी चालवतात. मग अगदी शांतपणे म्हणाली, "मेलेल्या माणसाला भेटायला कोणी विमानाने येत नाही, आई. सांग त्यांना. बाबांनी येऊ नये." मी म्हटलं, "सांगते."

सांगितलं नाही. पाडवा झाला, हनुमान जयंती झाली, अक्षय तृतीया झाली. मी सांगितलं नाही.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. सकाळी डोळे उघडले की पोटात काहीतरी गोड असल्यासारखं वाटायचं. हा माणूस आज पुन्हा त्या सहलीची तयारी करणार, आणि ती होणार नाही हे घरात फक्त मला माहीत आहे. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्याहून जास्त काही मला माहीत असण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याची चव काही वेगळीच असते.

आणि तयारी तरी किती! दोनशे पानी वही. पहिल्या पानावर ‘श्री’, खाली ‘वेराक्रूझ’, त्याखाली नकाशा, स्वतः काढलेला. रेल्वेत ड्राफ्ट्समन होते, रेघ सरळ येते. कुठे धक्का, कुठे किल्ला, कुठे समुद्राकाठचा फिरायचा रस्ता. शेजारी त्याच मापाने काढलेली आपली भाईंदरची खाडी, तुलनेसाठी. तिकडे हिवाळ्यात उत्तरेकडून असा वारा सुटतो की माणसं उडतात, हे वाचून ह्यांनी वहीत लिहिलं, ‘जूनमध्ये जावे. टोपीला नाडी लावणे.’ रोज सकाळी बाल्कनीत उभं राहून फोनवरून ऐकून ऐकून "बुएनोस दियास" म्हणायचे, आणि खालून दोशीभाई, आमचे सेक्रेटरी, विचारायचे, "वसंतभाई, उधर वेज मिलता है के नहीं?"

"मिलता है," हे वरून ओरडायचे. "मक्के का रोटी मिलता है."

त्यातच कुठेतरी ह्यांना कळलं की वेराक्रूझमध्ये कॉफी प्यायची एक रीत आहे. काचेच्या ग्लासात तळाला कॉफी आणून ठेवतात, आणि मग तुम्ही चमच्याने ग्लासावर टिंग टिंग वाजवायचं. ते ऐकून किटली घेतलेला माणूस येतो आणि उंचावरून गरम दूध ओततो. झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे कप बंद. ग्लासात कोरा चहा, आणि टिंग टिंग टिंग.

"परत वाजवलंत तर दूध नाही, भांडं येईल अंगावर," मी म्हटलं.

"अगं सवय करतोय. तिथे एकदम हसं नको व्हायला जावयासमोर."

जावई म्हणाले! तळणारा आचारी जावई झाला. मी दुधाचं पातेलं घेऊन गेले आणि ओतलं. रोज ओतलं. उंचावरून ओत म्हणाले तर उंचावरून ओतलं. ओतताना ह्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघायची आणि मनात म्हणायची, वाजवा, वाजवा.

संध्याकाळी टाकीमागे जाऊन मी हा सगळा अहवाल सायलीला द्यायची. टोपीची नाडी, टिंग टिंग, मक्के का रोटी. मला वाटायचं तिलाही मजा येतेय. ती विचारायची, "तू अजून सांगितलं नाहीस त्यांना?" मी म्हणायची, "सांगते गं, दोन दिवस मजा बघू दे तरी." एकदा ह्यांनी मला सांगितलं, "विचार बरं तिला, तिकडे बाथरूममध्ये गीझर आहे का." ह्यांना भर मेमध्येसुद्धा आंघोळीला कढत पाणी लागतं, नाहीतर लगेच शिंका सुरू. हे मी सायलीला हसत हसत सांगितलं. पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं नेटवर्क गेलं.

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या शिंप्याकडे ह्यांनी चार शर्ट शिवायला टाकले. तीन साधे, एक फुलाफुलांचा, हिरव्यावर लाल. आयुष्यभर निळी रेघ नाहीतर करडी रेघ घातलेला माणूस. शर्ट आले त्या दुपारी हे एकेक घालून आतल्या खोलीतून बाहेर यायचे, माझ्यासमोर उभे राहायचे, दोन्ही हात थोडे बाजूला धरून. फुलांचा घालून आले तेव्हा लाजले होते. "जास्त होतंय का गं?"

"छे, छान दिसतोय," मी म्हटलं. "ठेवा तो लुसियाला पहिल्यांदा भेटायच्या दिवशी."

हे वाक्य मी म्हटलं होतं. ते आठवलं की आजही तव्यावरची पोळी करपते.

मग सुकट. सायलीला सुके बोंबील जीव की प्राण. ह्यांनी ठरवलं, बाजारातले न्यायचे नाहीत, उत्तनला जाऊन आणायचे. भाईंदर वेस्टहून बस पकडून आम्ही दोघं गेलो. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या उंच आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घालतात, दोन-दोन, जबड्यात जबडा अडकवून. मे संपत आलेला, त्यामुळे काठ्या उतरवायची घाई चाललेली. सगळ्या बायका पावसाळ्याची बेगमी भरण्यात गुंतलेल्या. फिलोमिनामावशींकडून आम्ही वर्षानुवर्षं घेतो. त्यांचा एक मुलगा बोटीवर, एक आखातात. हे त्यांना मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "मावशी, यंदा तुमचे बोंबील मेक्सिकोला चाललेत. लेकीकडे."

मावशींनी बोंबील मोजता मोजता मान वर केली. "पोरीनं सोताहून बोलीवलंय ना?"

"म्हणजे काय! पत्र पाठवतेय ती. निमंत्रणाचं. व्हिसाला लागतं."

"आलं न्हाय अजून?"

"येईल की."

मावशींनी ह्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. बाईला बाईचं कळतं. मी खाली वाळूत बघायला लागले. त्या एवढंच म्हणाल्या, "बोलीवल्याबिगर जाऊ नको हां, भाऊ. आपलीच पोर असली तरी न्हाय." आणि बोंबलांवर दोन मुठी जवळा जास्तीचा टाकला. परत येताना बसमध्ये हे खिडकीत बसले, मांडीवर वासाची पिशवी, आणि समुद्र दिसेनासा होईपर्यंत मान वळवून बघत राहिले. "आपला समुद्र करडा आहे," म्हणाले. "तिकडचा निळा असतो म्हणे."

ते पत्र. त्या सगळ्या दिवसांत घरात एकच प्रश्न होता, पत्र कधी येणार. हे रोज खाली जाऊन टपालाच्या पेटीत हात घालून बघायचे. मग वर येऊन मला विचारायचे, कारण सायलीला स्वतः फोन करायची ह्यांची छाती नव्हती. मी भाजी निवडता निवडता म्हणायची, "पाठवलंय म्हणे. तिकडचं टपाल असंच." हे खोटं मी किती वेळा बोलले त्याचा हिशेब मी ठेवला नाही. पहिल्यांदा जीभ अडखळली होती, नंतर सुरळीत झालं.

माझ्या ‘पाठवलंय’वर विसंबून ह्यांनी दोशीभाईंना सांगून टाकलं की जूनच्या पहिल्या आठवड्यात निघतोय. आणि आमच्या मीरा रोडमध्ये कुणी काही करणार असं नुसतं कळलं तरी फ्लेक्स लागतो. बारावीला मुलगी पास झाली, फ्लेक्स. मुलाची मुंज, फ्लेक्स. इथे माणसं आधी शुभेच्छा देतात आणि मग काय झालं ते विचारतात. आमच्या वॉर्डात एका होतकरू कार्यकर्त्याला पुढे कधीतरी उभं राहायचं होतं, त्याला रोज कुणीतरी लागायचंच. एका शनिवारी सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरले आणि गेटवर हे. कोट घालून. विमानाखाली.

मी पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिले. तेव्हा वर जाऊन सांगायला पाहिजे होतं. तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती. दोन सुतळ्या कापल्या असत्या की फ्लेक्स खाली आला असता. मी दूध घेऊन वर गेले. टिंग टिंग झालं. ओतलं.

रविवारी सोसायटीच्या पॅसेजमध्ये सत्कार. शाल, श्रीफळ, मोगऱ्याचा हार. ह्यांनी फुलाफुलांचा शर्ट घातला होता. म्हणाले, हिरवा शालीवर उठून दिसेल. दोशीभाईंनी भाषण केलं, "हमारे वसंतभाई अपनी बेटी को मिलने इतना दूर जा रहे हैं, ऐसा बाप सबको मिले." टाळ्या. मग ह्यांना बोलायला सांगितलं. हे कधी चारचौघांत बोललेले नाहीत. उभे राहिले, हार नीट केला आणि म्हणाले, "माझी मुलगी फार गुणी आहे. माझंच चुकलं होतं. ते तिला सांगायला चाललोय." आणि खाली बसले.

लोकांना त्यात काही कळलं नाही. चूक कसली, कुणी विचारलं नाही. वेफर्स आणि पियूष आलं होतं. पण मला कळलं. चार वर्षं जे वाक्य ऐकायला मी कान टवकारून होते, ते ह्यांनी उच्चारलं, आणि उच्चारलं ते दोशीभाईंसमोर, पियूषच्या ग्लासांसमोर. मला नाही म्हणाले, तिला नाही. आणि माझा असा संताप झाला! एवढं सोपं होतं? मग चार वर्षं कुठे ठेवलं होतं?

वर आलो. हे सोफ्यावर बसून शालीची घडी घालत होते, कडेला कड जुळवून. मी दार लावलं आणि उभ्या उभ्या म्हटलं, "ती बोलावत नाहीये तुम्हाला."

"काय?"

"सायली. पत्र येणार नाही. पाठवलेलंच नाही. ती म्हणाली, मेलेल्या माणसाला भेटायला कोणी विमानाने येत नाही. बाबांनी येऊ नये." एक अक्षर मी कमी केलं नाही.

घडी ह्यांच्या हातात अर्धी राहिली. "कधी म्हणाली?"

"पाडव्याच्या आधी."

ह्यांचे ओठ हलत होते, महिने मोजत असावेत. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "मी शर्ट घालून दाखवत होतो, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"हा पण? फुलांचा?"

"हो."

"तू म्हणालीस छान दिसतो."

"छान दिसतच होता."

मला वाटलं होतं हे ओरडतील, काहीतरी फेकतील, आणि मग मी चार वर्षांचं सगळं साठवलेलं एकदाच बाहेर काढीन. ओठांवर होतं सगळं. पण हे उठले, शर्ट काढला, उलटा करून त्याची बटणं लावली, आणि कपाटात सगळ्यात खाली ठेवला. त्या दिवशी चहाच्या वेळी टिंग टिंग झालं नाही. मी आधी कान देऊन थांबले, मग दूध घालूनच कप नेऊन ठेवला. हे "हं" म्हणाले आणि प्यायले. तेव्हापासून कपच.

बोंबील आम्हीच खाल्ले. श्रावणापर्यंत पुरले. फ्लेक्स दोशीभाईंनी उतरवून वर पाठवला, "व्हिसा का लफडा हो गया क्या, वसंतभाई?" म्हणत, आणि ह्यांनी हो म्हणून सांगितलं. जाड, चांगला फ्लेक्स, टाकवेना. पावसाला ग्रिलवर बांधला.

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. आठवड्याभराने मी गच्चीवर गेले आणि सायलीला फोन लावला. आता चोरी नव्हती, तरी टाकीमागेच उभी राहिले. मी उत्साहात होते. म्हटलं, "सांगितलं बाई एकदाचं. गप्प बसलेत आता. तू असं कर, पत्र माझ्या एकटीच्या नावाने पाठव. मी येते. माझा पासपोर्ट तयारच आहे." पंधरा दिवस राहीन, लुसियाला तेल लावून न्हाऊ घालीन, मार्तिनला पुरणपोळी शिकवीन... मी बोलतच होते. माझीही वही होती की. फक्त ती मनात होती.

"आई," ती म्हणाली, "त्या दिवशी गीझर कुणी लावला?"

"कुठल्या दिवशी?"

"बाबांनी आंघोळ केली त्या दिवशी. मी चप्पल घालत होते. तू स्वयंपाकघरातून आलीस आणि दाराशी बटण दाबलंस. लाल दिवा लागला, तो मी बघितला. मग दारातून त्यांना टॉवेल पण दिलास तू."

आमच्या गीझरचं बटण बिल्डरने का कोण जाणे स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलंय. चाळीस वर्षांची सवय, हे बाथरूमकडे वळले की माझा हात आपोआप जातो. मी म्हटलं, "अगं, त्यांना गार पाण्याने..."

"हो ना. शिंका येतात."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. मी तो आवाज ऐकत राहिले.

"बाबा निदान रागात होते," ती म्हणाली. "तू त्यांना पाणी तापवून दिलंस. माझ्या नावाची आंघोळ होती ती, आई, आणि तुला त्यांच्या सर्दीची काळजी होती. आणि आता दोन महिने तू मला त्यांच्या गमती सांगत होतीस." मग जरा थांबून म्हणाली, "तू फोन करत जा. मी घेईन. लुसियाचे फोटोही पाठवीन. पण इथे नको येऊस." तिने फोन ठेवला नाही. मीच ठेवला.

तीन वर्षं झाली त्याला. ती फोन घेते, शब्दाची पक्की आहे. लुसिया आता मला काहीतरी सांगते, मला कळत नाही, मी हसते. फोनमध्ये नाव अजून मॅचिंग सेंटरच आहे.

आज सकाळी आम्ही फ्लेक्स बांधला. मी स्टुलावर, हे खाली स्टूल धरून. धूळ झटकली, कडेच्या भोकांतून सुतळी ओवली. ह्यांचा चेहरा आता फिका पडत चाललाय, कोट अजून काळा आहे. समोरच्या बाल्कनीतून दोशीभाईंनी विचारलं, "भाभी, इस साल जाने का है क्या मेक्सिको?" मी काही म्हणायच्या आत हे म्हणाले, "उसको तो कबसे बुलाया है बेटी ने. मेरे बिना जाती नहीं ये."

असं हे सगळ्यांना सांगतात. तीन वर्षं सांगतायत. हे त्यांनी स्वतःच ठरवलं. मी फक्त ते खोडून काढलं नाही. मी स्टुलावरून उतरताना ह्यांनी माझा हात धरला आणि जरा जास्त वेळ धरून ठेवला. "एकटी गेली असतीस तर मी काही म्हणालो नसतो," म्हणाले. "पण राहिलीस." ह्यांचे डोळे भरले होते. मी हात सोडवून घेतला आणि केरसुणी आणायला गेले.

मग हे धुळीने माखलेले बाथरूमकडे गेले, दाराशी थांबले, आणि नेहमीसारखं म्हणाले, "कुंदा, पाणी लाव गं."

मी लावलं.